वयस्कर पेशंटच्या उपचारात हयगय झाली असेल तर एक्सपर्ट रिपोर्ट कसा मिळवायचा आणि त्यात काय असायलाच हवं

"अहो, वय झालं होतं त्यांचं, या वयात असं होतंच." आत्या गेल्यावर हॉस्पिटलने आम्हाला दिलेलं हे एकमेव उत्तर. आत्या 78 वर्षांची, घरात पाय घसरून पडली, खुबा मोडला, ऑपरेशन नीट झालं, आणि अकराव्या दिवशी माकडहाडापाशी बेडसोर, म्हणजे कूस न बदलता पडून राहिल्याने होणारी जखम, एवढी मोठी दिसली की आतलं हाड दिसत होतं. पुढे इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि पाच आठवड्यांत सगळं संपलं. पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत ती स्वतः मंडईत जाऊन भाजी आणत होती. आतेभावाबरोबर ती फाइल मी पहिल्या अर्जापासून सांभाळतेय, त्यात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय कारण म्हाताऱ्या माणसांच्या केसमध्ये सगळं याच एका वाक्यावर येऊन अडतं, वय झालं होतं. एक्सपर्ट रिपोर्टचं, म्हणजे फाइल बघून तज्ज्ञाने दिलेल्या लेखी मताचं, खरं काम या वाक्याला उत्तर देणं हे आहे, आणि बहुतेक रिपोर्ट नेमके तिथेच कच्चे राहतात.

आधी बघा, रिपोर्ट लागतो का

आपल्याकडे ग्राहक आयोगात तक्रार दाखल करताना एक्सपर्ट रिपोर्ट जोडलाच पाहिजे असा नियम नाही. 2009 मध्ये मार्टिन डिसूझा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की आधी तज्ज्ञांचं मत घ्या, त्यात प्रथमदर्शनी निष्काळजीपणा दिसला तरच डॉक्टरला नोटीस काढा. पण 2010 मध्ये व्ही. किशन राव केसमध्ये कोर्टानेच सांगितलं की प्रत्येक केसमध्ये हे लागत नाही. त्या केसमध्ये मलेरियाच्या पेशंटवर टायफॉइडचे उपचार चालले होते. चूक इतकी उघड असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतं.

फौजदारी बाजू वेगळी. जेकब मॅथ्यू केस, 2005, तीही एका वयस्कर कॅन्सर पेशंटचीच होती, लुधियानाची. श्वास लागला, ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर तो रिकामा निघाला. तरीही कोर्टाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला आणि सांगितलं की खाजगी फौजदारी तक्रार घ्यायची तर दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं विश्वासार्ह मत जोडलेलं हवं, पोलिसांनीही आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. म्हणजे पोलिसात जाणार असाल तर रिपोर्टशिवाय पाऊल पुढे पडत नाही. आम्ही पोलिसात गेलो नाही, आणि माझं मत विचाराल तर जिथे हयगय सेवेतली आहे, कोणा एका डॉक्टरची घोर चूक नाही, तिथे ग्राहक आयोगच बरा.

आता म्हाताऱ्या माणसांचं. पेशंट तरुण असेल आणि चुकीच्या पायाचं ऑपरेशन झालं तर एक्सपर्टची गरजच पडत नाही. पण 78 वर्षांची, डायबेटिस असलेली बाई, तिला बेडसोर झाली, तर समोरचे वकील म्हणणार शुगरमुळे झाली, वयाने कातडी पातळ होती, जेवत नव्हती. म्हणून कायद्यात सक्ती नसली तरी रिपोर्ट घ्याच, आणि शक्यतो तक्रार लिहायच्या आधी घ्या.

कागद, सगळे कागद

डिस्चार्ज कार्ड आणि बिलं म्हणजे फाइल नव्हे. लेखी अर्ज करा, पूर्ण इनडोअर केस पेपरची (अ‍ॅडमिट असतानाच्या सगळ्या नोंदींची) प्रत मागा, अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर तारखेसह पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, आणि ते ठेवायचं बंधन 3 वर्षांचं आहे, त्यामुळे दु:खात सहा महिने गेले तरी चालेल पण वर्षं घालवू नका. अर्जात एकेक कागद नावाने मागा, नाहीतर नेमके तेच राहतात: नर्सेस नोट्स, कूस बदलल्याचा चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं), औषधांचा चार्ट, कन्सेंट फॉर्म, पडण्याच्या आणि बेडसोरच्या धोक्याचं मूल्यमापन केलेला कागद. हा शेवटचा फार महत्त्वाचा. बेडसोरसाठी ब्रेडन स्केल वापरतात, सहा गोष्टी बघून 6 ते 23 मध्ये मार्क देतात आणि 18 किंवा कमी आले की पेशंट धोक्यात समजतात. आत्याच्या फाइलमध्ये हा कागदच नव्हता. नसलेला कागदसुद्धा पुरावा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

कूस बदलल्याचा चार्ट मात्र मिळाला आणि तो बघून मी हादरले. सात दिवस, रात्रंदिवस, दर दोन तासांनी, उजवी कूस, डावी कूस, पाठ. एकच अक्षर, एकच निळं पेन, एकही खाडाखोड नाही. मी रेडिओलॉजीची स्लिप शेजारी ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी 3:50 ते 4:25 आत्या खालच्या मजल्यावर सीटी स्कॅनच्या खोलीत होती, आणि चार्टवर 4 वाजता वॉर्डमध्ये तिची डावी कूस करून दिलेली होती. ही एक जोडी एक्सपर्टच्या हातात पडली आणि पुढचं सगळं बदललं.

तारीखवार कागद तयार करा

एक्सपर्टला चारशे पानांचा गठ्ठा देऊ नका. आधी पानांना नंबर घाला, मग दोन-तीन पानांची तारीखवार नोंद करा आणि प्रत्येक ओळीपुढे पान नंबर लिहा. आणि सुरुवात अ‍ॅडमिशनपासून नको, त्याच्या आधीपासून करा, यावरच मी सगळ्यात जास्त जोर देईन. माणूस आधी कसा होता? चालत होता का, स्वतः जेवत होता का, आधीचे रक्ताचे रिपोर्ट काय, फॅमिली डॉक्टरचे कागद काय म्हणतात, सोसायटीच्या कार्यक्रमाचा तारीख असलेला फोटो आहे का. अ‍ॅडमिशनच्या वेळच्या तपासणीत कातडीबद्दल काही लिहिलंय का तेही बघा, आत्याच्या पहिल्या पानावर सिस्टरनेच लिहिलं होतं की पाठीला जखम नाही. ही सुरुवातीची स्थिती पक्की झाली की वय झालं होतं हे वाक्य तिथल्या तिथे लंगडं पडतं, कारण वय काही अकरा दिवसांत वाढत नाही.

कोणाकडे जायचं

विषय जुळायला हवा. खुब्याच्या ऑपरेशनची चूक असेल तर ऑर्थो, औषधाचा डोस किडनीला झेपला नाही अशी शंका असेल तर फिजिशियन किंवा नेफ्रोलॉजिस्ट. बेडसोरमध्ये आम्हाला दोघं लागले, एक सर्जन आणि एक नर्सिंग शिकवणाऱ्या निवृत्त मॅडम, कारण कूस बदलण्याचं काम डॉक्टर करत नाहीत, सिस्टर करतात, आणि ते कसं व्हायला हवं होतं हे नर्सिंगचाच माणूस नीट सांगतो. मृत्यू त्यामुळे झाला का, हे मात्र डॉक्टरनेच लिहावं. त्याच गावातले डॉक्टर सहसा एकमेकांविरुद्ध लिहीत नाहीत, त्यांना नावं ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजचे निवृत्त प्राध्यापक शोधा. नातेवाईक डॉक्टर नको. फी ठरवताना निकालावर अवलंबून काही ठेवू नका, रिपोर्टची किंमत शून्य होते.

प्रश्न कसे विचारायचे

"यात निष्काळजीपणा आहे का?" असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही येतं आणि दोन्ही निरुपयोगी. आम्ही चार प्रश्न लेखी दिले. अशा वयाच्या, अशा स्थितीच्या पेशंटसाठी साधारण कुशल हॉस्पिटलने काय करायला हवं होतं? रेकॉर्डप्रमाणे त्यातलं काय झालं आणि काय झालं नाही? जे झालं नाही ते झालं असतं तर बेडसोर टळली असती का, निदान लवकर लक्षात आली असती का? आणि चौथा, डायबेटिस, वय, कमी जेवण ही कारणं धरूनही तुमचं मत तेच राहतं का, राहत असेल तर का?

चौथा प्रश्न बरेच वकील सोडून देतात, त्यांना वाटतं आपणच समोरच्याच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. पण ते कोलीत त्यांच्या हातात आधीच असतं! आमच्या सर्जननी लिहिलं की डायबेटिस आणि वय यामुळे धोका जास्त होता हे खरंच, आणि म्हणूनच एअर मॅट्रेस, रोजची कातडीची तपासणी आणि आहारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवे होते, रेकॉर्डमध्ये यातलं काहीच दिसत नाही. म्हातारपण ही सबब न राहता जास्त काळजी घेण्याचं कारण झालं.

रिपोर्टमध्ये काय असायला हवं

एक्सपर्टचं शिक्षण, अनुभव, रजिस्ट्रेशन नंबर. कोणते कागद बघितले त्यांची यादी. दोन्ही बाजूंशी संबंध नसल्याचं वाक्य. मग मत, प्रत्येक मुद्द्यापुढे पान नंबर, आणि ज्या पाठ्यपुस्तकाचा किंवा गाइडलाइनचा आधार घेतला त्याचं संबंधित पान सोबत. कारणं हवीतच. सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये जय लाल केसमध्ये, जी खरं तर हिमाचलच्या सफरचंदांच्या बागांवरून होती, सांगितलंय की तज्ज्ञाने निष्कर्ष ज्यावर उभा आहे ते सगळं कोर्टापुढे ठेवायचं, म्हणजे कोर्टाला स्वतः पडताळता येतं. "माझ्या मते हयगय झाली" एवढ्या एका ओळीच्या पत्राला वजन नसतं, मग ते कितीही मोठ्या डॉक्टरचं असो. आणि निष्काळजीपणाची व्याख्या लिहिणं, नुकसानभरपाई किती ते सांगणं एक्सपर्टवर टाकू नका, ते वकिलाचं आणि आयोगाचं काम.

दाखल करणं, पटकन

घटनेपासून 2 वर्षांत. पेशंट गेला असेल तर कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, हॉस्पिटल पुण्यात आणि तुम्ही साताऱ्यात असाल तर साताऱ्यात. हॉस्पिटलला दिलेले पैसे 50 लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. सगळ्यांवर पूर्ण मोफत उपचार करणारं सरकारी हॉस्पिटल ग्राहक कायद्यात येत नाही, तिथे दिवाणी कोर्ट. समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि वाढवून 15.

सरकारी बोर्डाचं मत विरोधात आलं तर

आयोग पुष्कळदा फाइल सरकारी हॉस्पिटलच्या वैद्यकीय समितीकडे पाठवतं. आमच्या केसमध्ये त्यांचं उत्तर सव्वा पानाचं आलं, उपचार योग्य होते, पेशंट वयस्कर होती. कूस बदलल्याच्या चार्टचा उल्लेखसुद्धा नाही. आतेभाऊ त्या दिवशी फार खचला. पण तज्ज्ञांचं मत, मग ते सरकारी का असेना, सल्ला असतो, आयोगावर बंधनकारक नसतं. आम्ही लेखी हरकत घेतली, भाषण न करता तीनच ओळी: समितीने पान 212 चा चार्ट आणि पान 97 ची सीटी स्लिप पाहिली होती का, ब्रेडन स्कोरचा कागद मागवला होता का, समितीत नर्सिंगचं कोणी होतं का. सोबत सविता गर्ग केसचा, 2004 चा आधार दिला, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तक्रारदाराने सुरुवातीचा भार उचलला की योग्य काळजी घेतल्याचं दाखवणं हॉस्पिटलवर येतं. आयोगाने समितीकडून खुलासा मागवला.

शपथपत्र आणि उलटप्रश्न

रिपोर्ट नुसता जोडून पुरत नाही, एक्सपर्टचं शपथपत्र लागतं. एक्सपर्ट कोर्टात यायला घाबरतात, त्यांना आधीच सांगा की 2002 च्या जे. जे. मर्चंट केसपासून ग्राहक आयोगात तज्ज्ञांची साक्ष शपथपत्रावर घेतात आणि उलटतपासणी लेखी प्रश्नांनी, आयोगाने नेमलेल्या कमिशनरमार्फत किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सने होऊ शकते. हे कळल्यावरच आमच्या मॅडम तयार झाल्या. त्यांना समोरून 14 लेखी प्रश्न आले. नववा होता, "आपण स्वतः कधी खाजगी हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये रात्रपाळी केली आहे का?" त्यांनी उत्तरात वर्षं लिहिली, किती बेडचा वॉर्ड आणि किती सिस्टर होत्या ते लिहिलं, आणि खाली जोडलं की पान 212 वरची 4 वाजताची नोंद ज्या सिस्टरने केली तिचं ड्युटी रजिस्टर आयोगाने मागवावं.