गाडीसाठी बूफर-अ‍ॅम्प घ्यायला निघण्याआधी

खोक्यावर छापलेले '२००० वॉट' आधी विसरा. तो क्षणिक आकडा असतो. बूफरचा (म्हणजे बेसच्या स्पीकरचा) आणि अ‍ॅम्पचा, दोघांचाही आरएमएस, म्हणजे सतत चालणारे वॉट, लिहून घ्या. अ‍ॅम्पचा आरएमएस बूफरच्या किती ओहम रोधाला आहे, हे शेजारीच लिहा, कारण जोड्या तिथेच चुकतात.

समजा, मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प ४ ओहमला ३०० आणि २ ओहमला ५०० वॉट देतो, त्याखाली उतरत नाही. त्याला ५०० वॉटचा, ४ ओहमच्या दोन कॉइलचा बूफर घ्या. दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात आणि पूर्ण ताकद मिळते. हाच बूफर २ ओहमच्या कॉइलचा उचललात, तर पॅरललला १ ओहम होऊन अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल. सिरीजला ४ ओहम, म्हणजे फक्त ३०० वॉट. पुढेमागे दुसरा बूफर टाकायचा असेल तर ते गणित आजच करा. मल्टिमीटर सोबत न्या. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण साडेतीन दाखवते. ती खराब नसते.

बूफरची पेटी कंपनीने सांगितलेल्या मापाचीच करा. डिकीत बसेल तेवढी, हा हिशेब चालत नाही.

५०० वॉटला साधारण ४५ अँपिअर ओढले जातात, तेव्हा ४ गेज जाडीची अस्सल तांब्याची वायर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते आणि तिथेच घात होतो. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो. निगेटिव्हसाठी बॉडीचा रंग खरवडून लखलखीत पत्रा काढा. आरसीए केबल (स्टीरिओतून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

अ‍ॅम्पवरचा गेन स्टीरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायला असतो, तो म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, स्टीरिओ पाऊण आवाजावर, बूफरची वायर सोडवलेली. ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला टेकवा. ५०० वॉट गुणिले २ ओहम म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६. गेन हळूहळू वाढवा, मीटरवर एवढे व्होल्ट आले की थांबा. मग बूफरची वायर जोडा. आवाज फाटत असेल तर गेन मागे घ्या, कारण फाटलेला सिग्नल कॉइल तापवून जाळतो. लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवा आणि पुढचं कानाने ठरवा.