आज्ज्याच्या वस्तऱ्याला धार लावताना

आज्ज्याची धोकटी, म्हणजे हजामतीच्या सामानाची पिशवी, माझ्या वाट्याला आली. त्यात तीन वस्तरे, चामोटी (वस्तरा फिरवायचा चामड्याचा पट्टा) आणि मधोमध खड्डा पडलेला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड. दोन वस्तरे गंजून कामातून गेलेले. तिसऱ्यावर जर्मनीतल्या सोलिंगेन गावाचा शिक्का अजून वाचता येतो. मी भोसरीच्या टूलरूममध्ये (कारखान्याची हत्यारं बनवायची-घासायची जागा) २६ वर्षं कटर घासलेले, त्यामुळे म्हटलं, वस्तरा तो काय! धार अशी काढली की हातावरचे केस नुसते उडत होते. पण त्याच धारेनं दाढी केली आणि गळा असा पेटला की दोन दिवस शर्टाचं वरचं बटण लावता आलं नाही.

कारण व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावल्यावर कळलं. वस्तऱ्याचा कोन त्याच्या अंगातच असतो. घासताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणजे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन ठरवतात. पातं १८ मि.मी. रुंद आणि पाठ ५ मि.मी. असेल तर धारेचा एकूण कोन १६ अंश येतो, आणि तो ठीक आहे. आज्ज्याचा हात मात्र पाठीवर जड असणार. पाठ झिजून ४ मि.मी. राहिली होती, म्हणजे कोन १३ अंशांच्याही खाली. एवढी पातळ धार पहिल्या चार खुंटांतच तुटते आणि मग करवतीसारखी कातडीवर ओढली जाते.

उपाय दहा रुपयांचा. इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी पाठीवर लावायची. पट्टी साधारण ०.१५ मि.मी. जाड असते आणि दोन्ही बाजूंनी येते, त्यामुळे एका थराला जवळजवळ एक अंश वाढतो. मी तीन थर लावले, साडेपंधरापर्यंत आलो. पट्टी दगडावर झिजते, म्हणून दर दगडाला नवी.

आधी दगड सपाट करा. जाड काचेवर ओला पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड घासायचा. आज्ज्याच्या निसण्यावर मी तासभर घालवला आणि सोडून दिला. बाजारातून १०००, ५००० आणि ८००० नंबरचे दगड आणले (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). १२०००चा नंतर घेतला. तो चैनीचा आहे, पण गळ्याला फरक कळतो.

सगळा खेळ १००० नंबरवर आहे. धारेच्या उतारावर काळ्या मार्करनं रेघ ओढा, पाणी टाका, धार पुढे ठेवून दगडावरून तिरकं सरकवा, टाचेपासून टोकापर्यंत. चार हात मारून भिंगातून बघा. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी सारखी जायला हवी. कडेला काळं उरलं असेल तर पुढचा दगड घेऊच नका. तिथे नुसती चकाकी येते, धार येत नाही. जोर वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतका. आम्ही टूलरूमवाले इथेच फसतो, हात दाबायला शिकलेला असतो. दाबलं की बर, म्हणजे कडेला धातूची पातळ कोर, येते, ती दाढीत मोडते, आणि आपण पोलादाला शिव्या देतो.

पुढच्या दगडांवर तेच, दर वेळी आधीचे ओरखडे पुसले जाईपर्यंत. शेवटचे दहा हात नुसते तरंगते.

मग चामोटी. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पाठीवरच वळवायचं. धारेवर वळवलंत तर काय होतं ते बघायचं असेल तर आज्ज्याच्या चामोटीवर मी पाडलेला काप दाखवतो. पन्नास फेऱ्या पुरतात. कारखान्यातल्या दुधारी ब्लेडच्या धारेवर टेफ्लॉनसारखा थर असतो, केसांतून सरकायला. वस्तऱ्याला तो नाही. चामोटी मात्र रोज, प्रत्येक दाढीआधी.

आता दाढी. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धार बोथट होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी २०२०मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: केस वाकला की धारेच्या कडेचा कपचा उडतो, तोही पोलादाची ठेवण एकसारखी नसते तिथे. केस भिजला की मऊ पडतो. म्हणून तीन मिनिटं कोमट पाणी, मग साबण. कातडी ताणून धरा, वस्तरा कातडीशी ३० अंशांवर, पहिला हात केसांच्या दिशेनं. उलटा हात गळ्यावर मी अजूनही मारत नाही.

झाल्यावर पुसून कोरडा करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवा. पावसाळ्यात न चुकता. धोकटीतले ते दोन वस्तरे गंजले ते हे न केल्यामुळेच. खोबरेल लावू नका, चिकट होतं. आणि आपला वस्तरा भावालासुद्धा द्यायचा नाही, रक्तातून कावीळ पसरते.