मुलांचं भित्तिपत्रक चालवताना या चुका टाळा

वर्गात भित्तिपत्रक लावायचं ठरलं की पहिले पंधरा दिवस सगळे जोरात असतात. दोन महिन्यांनी तोच कागद पिवळा पडून एका टाचणीवर लोंबत असतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शिकवताना हे इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट चूक लाल पेनाची. ती मी स्वतः केलीय. सहावीतल्या एका मुलीनं आठवडी बाजारावर लिहिलं होतं: 'आज्जी संतेत बसलेली. पाऊस आला तर तिनं आधी भोपळा झाकला, मग डोकं. मी म्हटलं, काय करालीस गं?' मी त्या पानावर अकरा गोल केले. 'संते' खोडून 'बाजार', 'करालीस' खोडून 'करतेस'. पोरीनं निमूटपणे सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं. पुढच्या आठवड्यात तिचं लेखन आलं: 'पावसाळा हा ऋतू मला फार आवडतो.' चार ओळी, एकही चूक नाही. आज्जी वर्षभर परत आली नाही.

तेव्हापासून पहिल्या खर्ड्याला मी पेन लावत नाही. वाचतो आणि एक प्रश्न विचारतो. 'भोपळा विकला गेला का?' त्याचं उत्तर हाच पुढचा परिच्छेद. भिंतीवर लावण्याआधी आठवड्याला एकाच जातीची चूक शोधायची, तीही मुलानंच. एक आठवडा फक्त शब्दाच्या शेवटचे इकार-उकार: पाणी, मी, वाळू दीर्घ, 'आणि', 'परंतु' असे थोडके अपवाद. अनुस्वार पुढच्या आठवड्यात.

दुसरी चूक याच गोष्टीत आहे, कानडी शब्द दिसला की खोडायचा. आपल्याकडचं पोर घरी मराठी बोलतं, बसस्टँडवर कानडी बोलतं, शाळेत दोन्ही लिहितं. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द कानडीतूनच आले, त्यांना आपण कधी हाकललं? आज्जीच्या तोंडी 'संते' असेल तर राहू द्या. निवेदनात 'बाजार' लिहायचं की 'संते', हे मुलाला ठरवू द्या. दोन शब्दांतला फरक तिथंच कळतो, व्याकरणाच्या तासाला नाही.

'माझा आवडता सण' असले विषय देऊ नका, गाईडमधलंच उतरून येतं. 'आज शाळेला येताना कुठं थांबलास?' असं विचारा. 'निसर्गरम्य' शब्द दिसला की पान घरच्यांनी लिहिलंय असं समजा आणि न रागावता परत द्या.

मोबाइलला बोलून लिहून घेणं मला अजिबात मान्य नाही. 'ळ' कुठं, 'ऱ्या' कसा, यावर पोरानं अडखळायलाच हवं. टंकलेखन शिकवायचं तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा सामाईक कळफलक, शिकवा. ज्या कळीवर मराठीचा 'क', त्याच कळीवर कानडीचा 'क'. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा हातात येतात. गिचमीड होणारे जुने फॉन्ट सोडा, युनिकोडच वापरा.

वाचणारं कोणी नसेल तर भित्तिपत्रक मेलंच. मी खाली कोरा कागद लावतो आणि सुतळीला पेन्सिल बांधतो. दुसऱ्या वर्गातली पोरं तिथं प्रश्न लिहितात, लिहिणाऱ्यानं गुरुवारी उत्तर द्यायचं. गुरुजींचा शेरा तिथं नको.

आणि नवे शिक्षक महिन्यात 'फरक दिसत नाही' म्हणून बंद करतात, तेव्हा जीव तुटतो. माझ्याकडचा एक मुलगा दिवाळीपर्यंत तीन ओळींच्या पुढं गेला नव्हता. शिमग्याला होळीसाठी लाकडं चोरल्याची हकीकत पानभर लिहून आला. शेवटच्या इकाराच्या चुका त्यानं स्वतः शोधल्या. बाकीच्या तशाच ठेवून आम्ही ते पान भिंतीवर लावलं.