शाब्दिक उदाहरणे आणि माँटेसरी साहित्य: या चुका टाळा

दुसरीतल्या एका मुलीला मी उदाहरण वाचून दाखवले होते: मीनाकडे १२ गोट्या आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. तर राजूकडे किती? तिने आसनावर दशकाचा एक सोनेरी दांडा (तारेत ओवलेले दहा मणी) आणि दोन सुटे मणी नीट मांडले, शेजारी आणखी पाच मणी ठेवले, सगळे एकत्र केले आणि मोजून ‘सतरा’ असे सांगितले. मी तिला पुन्हा मोजायला सांगितले. तिने पुन्हा मोजले आणि उत्तर अर्थातच पुन्हा सतरा आले, कारण तिच्या मोजणीत चूक नव्हतीच. चूक माझी होती; मी मणी तपासत होते आणि तिने मांडलेली गोष्ट तपासायची राहिली होती.

माँटेसरी पद्धतीने, म्हणजे मुलांच्या हातात मणी, दांड्या असे साहित्य देऊन, गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि घरी हे साहित्य वापरणाऱ्या पालकांना हा अनुभव वारंवार येतो. मूल मण्यांनी चार अंकी बेरीज बिनचूक करते, हातचा म्हणजे काय हेही त्याला कळलेले असते, आणि तरीही चार ओळींचे शाब्दिक उदाहरण समोर आले की ते अडखळते. अशा वेळी ‘याला मराठी वाचता येत नाही’ किंवा ‘साहित्याचा उपयोग होत नाही’ असे निदान घाईने केले जाते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण वेगळे असते: उदाहरणात जे घडते ते मण्यांनी घडवून दाखवण्याऐवजी उदाहरणातले आकडे तेवढे मण्यांत मांडले जातात.

आकडे आधी, गोष्ट नंतर

वर सांगितलेल्या उदाहरणाकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी मी तेच उदाहरण आकडे गाळून सांगितले. मीनाकडे काही गोट्या आहेत, राजूकडेही आहेत आणि मीनाकडे जास्त आहेत. मग आसनावर दोन रुमाल अंथरले, एक मीनाचा आणि एक राजूचा, आणि राजूच्या रुमालाला हात लावण्याआधी विचारले, ‘याच्यावर मीनापेक्षा जास्त मणी येणार की कमी?’ ती लगेच ‘कमी’ म्हणाली. त्यानंतर आकडे सांगितले. तिने मीनाच्या रुमालावर बारा मांडले, क्षणभर थांबली, दशकाचा दांडा बँकेच्या ताटात (जिथे मण्यांचा साठा असतो आणि अदलाबदल होते) परत देऊन दहा सुटे मणी घेऊन आली, त्यांतले पाच बोटाने बाजूला सरकवले आणि म्हणाली, ‘एवढे राजूकडे नाहीत.’ उरलेल्या सातांच्या समोर तिने राजूच्या रुमालावर एकास एक असे सात मणी लावले. वजाबाकी हा शब्द तोवर कोणीही उच्चारला नव्हता.

म्हणून कोणतेही नवे प्रकारचे उदाहरण प्रथम आकड्यांशिवाय सांगावे, मुलाला ते स्वतःच्या शब्दांत परत सांगू द्यावे, गोष्टीत जितकी माणसे किंवा जागा असतील तितके रुमाल किंवा ताटल्या मांडू द्याव्यात, आणि मगच आकडे द्यावेत. तुलनेच्या उदाहरणांसाठी सोनेरी मण्यांपेक्षा लाल-निळ्या संख्यादांड्या अधिक बोलक्या ठरतात. सर्वांत लहान दांडी १० सेंटिमीटरची आणि सर्वांत मोठी १ मीटरची असल्यामुळे ९ ची दांडी आणि ४ ची दांडी एका रेषेत ठेवली की मधली मोकळी जागा डोळ्यांना दिसते, आणि ती भरायला ५ ची दांडी मूल स्वतःच शोधून आणते. येथे काहीही काढून घेतलेले नसते. ‘काढून घेणे म्हणजे वजाबाकी’ एवढेच शिकलेल्या मुलाला तुलनेची वजाबाकी ओळखू येत नाही ती याचमुळे, आणि ती ओळख दांड्या करून देतात.

खुणेच्या शब्दांवर विसंबणे

‘एकूण आले की बेरीज, उरले आले की वजाबाकी, प्रत्येकी आले की भागाकार’ ही शिकवण अजूनही अनेक वर्गांत दिली जाते. पहिल्या परीक्षेपुरती ती उपयोगी पडते आणि पुढे वर्षानुवर्षे नडते. ‘६ मुलांना प्रत्येकी ४ लाडू दिले, किती लाडू लागले?’ आणि ‘२४ लाडू ६ मुलांना सारखे वाटले, प्रत्येकी किती आले?’ या दोन्ही प्रश्नांत ‘प्रत्येकी’ आहे, पण पहिल्यात गुणाकार करायचा आहे आणि दुसऱ्यात भागाकार. ‘रमाच्या परडीत काही फुले होती, ६ फुले तिने हारात ओवली, ८ उरली, तर आधी किती होती?’ या उदाहरणात ‘उरली’ हा शब्द असूनही उत्तर बेरजेने मिळते.

हे शेवटचे उदाहरण मुलांना सर्वांत अवघड जाते, कारण गोष्टीची सुरुवातच माहीत नसते आणि मांडायला काही सापडत नाही. येथे मी एक छोटी परडी घेते, मुलाच्या नकळत तिच्यात १४ मणी टाकते आणि वर कापड झाकते. मूल कापडाखालून सहा मणी काढून दोरीवर ठेवते. मग कापड काढून उरलेले आठ मोजते. ‘आता मला सुरुवातीची परडी परत हवी आहे’ असे म्हटले की त्याचा हात आपोआप दोरीवरच्या मण्यांकडे जातो. घडलेली गोष्ट उलटी करून पाहण्याचा हा अनुभव दोन-तीन वेळा मिळाला की मूल कापडाशिवायही तसा विचार करू लागते.

भागाकाराच्या दोन गोष्टी एकाच मांडणीत कोंबणे

माझ्या मते सर्वाधिक नुकसान येथे होते, आणि उत्तर बरोबर येत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. माँटेसरी साहित्यात भागाकारासाठी लहान लाकडी सोंगट्या असतात. प्रत्येक सोंगटी म्हणजे एक माणूस. सगळ्यांना सारखे वाटायचे आणि एका सोंगटीच्या वाट्याला आलेले तेवढे उत्तर म्हणून वाचायचे. ‘२४ लाडू ६ डब्यांत सारखे भरले, एका डब्यात किती?’ या उदाहरणाला ही मांडणी तंतोतंत लागू पडते.

आता हे उदाहरण पाहा: ‘एका डब्यात ६ लाडू मावतात, २४ लाडूंना किती डबे लागतील?’ मूल सवयीने सहा सोंगट्या उभ्या करते, चोवीस मणी वाटते, प्रत्येकीसमोर चार येतात आणि ते ‘चार’ असे सांगते. शिक्षक पुढे सरकतात. पण त्या मुलाला विचारा, ‘या सोंगट्या म्हणजे कोण?’ ते म्हणेल, ‘डबे.’ म्हणजे त्याच्या आसनावर सहा डबे आहेत आणि प्रत्येकात चार लाडू आहेत. उदाहरणात मात्र चार डबे आणि प्रत्येकात सहा लाडू आहेत. पुढे अपूर्णांक आले, ‘अर्ध्या मीटरचे किती तुकडे होतील’ असे प्रश्न आले की अर्धी सोंगटी उभी करता येत नाही आणि सगळे कोसळते.

या दुसऱ्या प्रकारासाठी सोंगट्या आसनावर आणूच नयेत. मुलाने चोवीस मण्यांतून सहा मणी उचलावेत, एका वाटीत घालावेत, पुन्हा सहा उचलावेत, दुसरी वाटी घ्यावी, आणि मणी संपले की वाट्या मोजाव्यात. दोन्ही उदाहरणे एकाच दिवशी, एकापाठोपाठ द्यावीत आणि दोन्ही मांडण्या शेजारी राहू द्याव्यात. कशात काय वेगळे आहे हे मुलाने बोलून दाखवले की लेखी भागाकार लिहायला हरकत नाही. दोन्हींचे लेखन २४ ÷ ६ असेच होते याचे मुलांना मनापासून आश्चर्य वाटते.

मोठ्या संख्यांच्या वाटणीत आणखी एक अडथळा येतो. स्टॅम्प गेममधील (१, १०, १००, १००० छापलेल्या रंगीत चौकोनी तुकड्यांच्या खेळातील) बेरीज-वजाबाकी एककापासून सुरू करण्याची सवय असल्याने मूल ४३२ रुपये ३ भावंडांत वाटतानाही हिरव्या एककांपासून सुरू करते आणि दोन एकक तिघांत वाटता येईनात म्हणून थबकते. त्याला घरातला व्यवहार आठवून द्यावा. पैसे वाटताना आपण आधी शंभराच्या नोटा देतो. लाल शतके प्रत्येकी एक दिली की एक उरते, त्याची दहा निळी दशके घेतली की एकूण तेरा होतात, ती प्रत्येकी चार दिली की पुन्हा एक उरते, त्याचे दहा एकक आणि आधीचे दोन मिळून बारा होतात. प्रत्येकाच्या वाट्याला १४४ रुपये येतात.

भागाकारात बाकी उरली तर तिचे काय करायचे हे मात्र मण्यांत दिसत नाही, ते गोष्टीत शोधावे लागते. एका रिक्षात ४ मुले बसत असतील तर २३ मुलांना ६ रिक्षा लागतात; ४ रुपयांची एक पेन्सिल असेल तर २३ रुपयांत ५ पेन्सिली येतात. दोन्हीकडे उरलेले तीन मणी मुलाच्या तळहातावर ठेवावेत आणि विचारावे, ‘या तिघांचे काय करायचे?’

मराठी संख्यानामे आणि पाढे विसरणे

उदाहरण तोंडी सांगितले जाते तेव्हा ही अडचण येते. ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि तीस नंतर, त्यामुळे मूल सात दांडे आणि तीन सुटे मणी आणते. ‘एकोणचाळीस’ ऐकून चार दांडे आणणारी मुलेही मी पाहिली आहेत, आणि नावात चाळीस असताना त्यांना दोष देता येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला. त्यामागची अडचण खरी आहे. पारंपरिक नावे सोडावीत असे मला वाटत नाही, पण साहित्य मांडताना मुलाने ‘तीन दशक सात, सदतीस’ असे दोन्ही म्हणावे आणि दांडे नेहमी सुट्या मण्यांआधी आणावेत.

पाढ्यांच्या बाबतीत मराठी आपल्याला मदत करते, ती मदत नाकारू नये. ‘तीन चोक बारा’ म्हणजे तीन चार वेळा. रंगीत मण्यांत (यात प्रत्येक संख्येच्या दांड्याचा रंग वेगळा असतो) ३ चा गुलाबी दांडा चार वेळा मांडायचा, आणि माँटेसरी गुणाकारफळीवरही, म्हणजे मणी ठेवायला खळगे असलेल्या पाटीवरही, तीच रीत आहे. ज्यांचे प्रशिक्षण इंग्रजीतून झाले आहे ते ३ × ४ म्हणजे चारचे तीन गट असे वाचतात आणि ४ चे पिवळे दांडे तीन वेळा मांडायला लावतात. दोन्हींत मणी बाराच भरतात, पण ‘४ ताटल्या, प्रत्येकीत ३ पेढे’ ही गोष्ट गुलाबी दांड्यांतच दिसते. चुकीची मांडणी दिसली की ‘चूक’ न म्हणता ‘एका ताटलीत काय आहे ते दाखव’ असे म्हणावे.

दोन अडचणी एकाच वेळी देणे

बँकेच्या खेळात मूल हजार मण्यांचे घन सहज हाताळते, म्हणून शाब्दिक उदाहरणातही ३,४२८ सारख्या संख्या देण्याचा मोह होतो. एका वेळी एकच अडचण मुलापुढे ठेवावी हे या पद्धतीच्या जनक मारिया माँटेसरी यांच्या साहित्यरचनेचे मूलतत्त्व आहे. गोष्टीचा प्रकार नवा असेल तर संख्या विसाच्या आत असाव्यात. संख्या मोठ्या हव्या असतील तर गोष्ट ओळखीची असावी.

संच नाही म्हणून थांबणे

मारिया माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि युद्धकाळामुळे त्यांचा भारतातला मुक्काम लांबला. महाराष्ट्रात त्यांचे विचार गावापर्यंत नेताना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड या गावांत परिसरात मिळणाऱ्या, कमी खर्चाच्या वस्तूंवर भर दिला. महाग संच कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा चिंचोके आणि खराट्याच्या काड्या रोज मुलांच्या हातात असणे कितीतरी बरे. घरगुती साहित्यात दहा नेहमी दहाच असले पाहिजेत, म्हणून काड्यांचे गठ्ठे मुलांनी स्वतः मोजून बांधावेत. गठ्ठ्याचा एक विशेष लाभ असा की तो सोडता येतो; दशकाचा दांडा बँकेत देऊन दहा सुटे मणी आणणे ज्या मुलाला जादू वाटते, त्याने आठवडाभर गठ्ठे सोडून पाहावेत. गुंजा मात्र वापरू नयेत. त्या दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असतात आणि लहान मुले वस्तू तोंडात घालतात.

साहित्य फार लवकर किंवा फार उशिरा काढून घेणे

‘आता तू मोठा झालास, मण्यांशिवाय कर’ असे फर्मावले की मूल अंदाजाने क्रिया निवडू लागते. उलट, ज्याला उत्तर मनात दिसत आहे त्याला प्रत्येक वेळी मांडणी करायला लावले की ते कंटाळते. वेळ झाली आहे हे ओळखण्याच्या खुणा स्पष्ट असतात. मूल मणी मांडण्याआधीच ‘कमी येणार’ असे सांगते, अर्धीच मांडणी करून उत्तर देते, किंवा ताटाकडे हात नेऊन परत घेते. मग कागदावर चौकोन आणि ठिपक्यांनी चित्र काढू द्यावे, आणि मण्यांचे ताट शेजारच्या फळीवर, हात पोहोचेल इतके जवळ असू द्यावे.

याच टप्प्यावर मी उलटे काम देते. आसनावर एक मांडणी तयार ठेवते, समजा चार वाट्यांत सहा-सहा मणी आणि बाहेर दोन मणी, आणि मुलाला त्यावर उदाहरण रचायला सांगते. ज्या मुलीने राजूच्या गोट्या सतरा सांगितल्या होत्या, तिने या मांडणीवर लिहिले: ‘आईने २६ करंज्या केल्या. एका डब्यात ६ मावतात. ४ डबे शेजारी दिले. मला किती मिळाल्या?’