लहान खोलीत बास सुधारायचा तर
बास, म्हणजे गाण्यातला खर्जाचा आवाज, एका जागी घुमतो आणि दोन पावलांवर गायब होतो, यात दोष बहुधा स्पीकरचा नसून खोलीचा असतो. ४ मीटर लांब खोलीत साधारण ४३ हर्ट्झची लहर समोरासमोरच्या भिंतींत अडकते: भिंतीलगत फुगते, मधोमध जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून ऐकण्याची खुर्ची मध्यावर नको, मागच्या भिंतीला टेकूनही नको. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर ठेवून पाहा.

सबवूफरची (फक्त बास वाजवणाऱ्या स्पीकरची) जागा शोधताना तो चक्क खुर्चीवर ठेवा आणि बासचे सूर वर-खाली फिरतात असं गाणं लावा. मग कान जमिनीजवळ नेत भिंतीकडेने रांगत सरका. जिथे प्रत्येक सूर सुटा आणि सारख्या जोराचा वाटेल, तिथे सबवूफर ठेवायचा. सर्वांत दणदणीत कोपऱ्याचा मोह टाळाच! क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झपासून सुरू करा. फेज (सबवूफरच्या लहरींचा मुख्य स्पीकरशी मेळ बसवणारी सोय) ० आणि १८० अंशांवर करून पाहा, बास भरीव वाटेल ती ठेवा.

पातळ फोम बास शोषत नाही, त्यावर पैसे घालवू नका. कोपऱ्यांत किमान १५ सेंटिमीटर जाडीचं, कापडात गुंडाळलेलं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) लावा.

इक्वलायझर (निरनिराळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करणारी सोय) शेवटी. त्याने उंचवटे (जास्त घुमणारे सूर) कापा, खड्डे (गायब होणारे सूर) भरू नका: तिथे लहरी एकमेकींना खोडत असतात, त्यामुळे आवाज वाढवला तरी ताण फक्त ॲम्प्लिफायरवर येतो.