पेटी उघडण्याआधी गद्य पाठ करा

सोलापुरात हौशी मंडळींच्या ‘संगीत सौभद्र’ नाटकाला पेटीच्या (हार्मोनियमच्या) साथीला बसलो तेव्हा पदं मला तोंडपाठ होती. गद्य, म्हणजे पदांमधले संवाद, एकदाही नीट वाचलं नव्हतं. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग होता. दुर्योधनाशी लग्न लावतील या धास्तीनं कासावीस झालेली सुभद्रा बोलता बोलता थांबली, ‘वद जाऊ कुणाला शरण’ तिच्या अगदी ओठावर आलं होतं, आणि मी आपला ध्रुपदाची, म्हणजे पदाच्या पहिल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीची, पूर्ण चाल पेटीवर वाजवत राहिलो. ती बिचारी ताटकळली. पुढं पद सुरात झालं, पण तो प्रसंग हातचा गेला.

नाट्यसंगीताच्या साथीला नव्यानं बसणाऱ्यांना म्हणून सांगतो, आधी गद्य पाठ करा. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880च्या ‘शाकुंतला’त ती पात्रांच्या तोंडी दिली. तेव्हापासून पद हे त्या पात्राचं बोलणंच आहे. वाक्याचा शेवटचा शब्द संपायच्या आत षड्ज, म्हणजे गाणाऱ्याचा ‘सा’, हळूच खाली धरायचा, नटाला तो कानात मिळाला पाहिजे, प्रेक्षकाला जाणवताही कामा नये. हे महिनाभर तालमीला बसल्याशिवाय जमत नाही.

माझ्या संहितेत आता प्रत्येक पदाशेजारी पेन्सिलीनं पट्टी, म्हणजे पेटीची कोणती काळी-पांढरी ‘सा’ धरायची ते, लिहिलेली असते. आमची सुभद्रा काळी चारमध्ये गाते, अर्जुन काळी एकमध्ये. एकामागोमाग दोघांची पदं आली की नजर आधी त्या खुणेवर जाते.

साकी, दिंडी या वृत्तांतली पदं सोपी समजू नका. तिथं गाणारा शब्द जसा टाकेल तसं मागून जायचं. पुस्तकात पदावर ‘चाल’ छापलेली असते, तीही वाचा. अण्णासाहेब बेळगावकडचे, त्यांनी कानडी चालीही उचलल्या. आमच्या तालमीला येणाऱ्या एका कानडी मावशींनी तसं एक पद त्यांच्या ठसक्यात म्हणून दाखवलं, तेव्हा शब्दावरचा आघात कुठं पडतो ते मला पहिल्यांदा उमगलं. सोलापुरात असं शिकवणारं माणूस शेजारच्या घरात सापडतं, जरूर विचारा.

वन्समोअर आला तर पद कुठून उचलायचं, हे गाणाऱ्याशी आणि तबलजीशी आधीच बोलून ठेवा. आम्ही ध्रुपदापासूनच घेतो.