टूडीचं थ्रीडी: या कामात उतरणाऱ्यांसाठी

गोरेगाव-मालाडच्या स्टुडिओंत टूडीचं थ्रीडी करण्याच्या, म्हणजे सपाट चित्रित सिनेमाला खोली देण्याच्या कामाला लागायचं असेल, तर नवख्याला बहुतेक वेळा आधी रोटोवरच, म्हणजे फ्रेममागून फ्रेम कडा आखण्यावर, बसवतात. सेकंदाला २४ फ्रेम, आणि नट, त्याचा हात, मागचा खांब, प्रत्येकाची कड वेगळी काढायची. कंटाळा येतो, पण पुढचं सगळं त्या कडेवर उभं असतं. मग डेप्थ मॅप, म्हणजे खोलीचा नकाशा: करड्या छटा, बहुधा जवळचं उजळ, लांबचं काळं. त्यानुसार चित्र सरकवून दुसऱ्या डोळ्याची फ्रेम तयार होते, आणि माणसामागे जी जागा उघडी पडते ती पेंटवाले भरतात. उडते केस, धूर, काच आली की शॉट कोणाच्या गळ्यात पडतो हेच सगळे बघत असतात.

खोली किती द्यायची, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. आपल्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असतं. पडद्यामागे भासणाऱ्या वस्तूच्या डाव्या-उजव्या प्रतिमा त्याहून लांब गेल्या, तर डोळे बाहेरच्या बाजूला ताणावे लागतात; ते त्यांना झेपत नाही. २०४८ पिक्सेल रुंदीची फ्रेम १२ मीटरच्या पडद्यावर पडली की एक पिक्सेल जवळजवळ ६ मिलिमीटरचा होतो. म्हणजे मागच्या बाजूला हाताशी जेमतेम ११ पिक्सेल! ६० सेंटिमीटर रुंद मॉनिटरवर तेवढेच पिक्सेल ३ मिलिमीटरच्या आसपास भरतात. शॉट सपाट वाटतो, नवखा आणखी खोली ओढतो, आणि मोठ्या पडद्यावर बघणाऱ्याचं डोकं दुखतं. त्यापेक्षा तेच पिक्सेल चेहऱ्याच्या गोलाईवर खर्च करा. नाक, गाल, कान एकाच अंतरावर राहिले, तर माणूस पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसतो.

मिडास, डेप्थ एनीथिंग अशी मोफत एआय मॉडेल्स आता डेप्थ काढून देतात. जरूर वापरा. फक्त प्रत्येक फ्रेम वेगळी हाताळली, की खोली लुकलुकते आणि केसांची कड विरघळते. ते निस्तरायला माणूस लागतोच.

सरावाला लोकलच्या खिडकीच्या गजांतून मोबाइलवर शॉट घ्या. गज, आतला प्रवासी, बाहेर पळणाऱ्या इमारती, सगळी अडचण एका फ्रेममध्ये मिळते. तयार थ्रीडी लाल-निळसर चष्म्याने तपासा. एका डोळ्याची नजर मंद असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण खोली दिसलीच नाही तर हे काम करता येणार नाही. शोरीलमध्ये, म्हणजे कामाचा नमुना दाखवणाऱ्या व्हिडिओत, मूळ शॉट, रोटो, डेप्थ आणि तयार थ्रीडी असा क्रम ठेवा. मिनिटभर पुरे, आणि पार्श्वसंगीत नको.